आठवा जबाब

शेताच्या बांधावरून भांडण झालं आणि चुलत दिराने बेबाबाईच्या नवऱ्याला कुऱ्हाडीने ठार मारलं. दिराला जन्मठेप झाली. दरवर्षी तो तुरुंगातून रजेचा अर्ज करायचा, आणि पाचोऱ्याचे हवालदार तिला हरकत विचारायला यायचे. ती पहिल्यापासून सांगायची. चार घाव, तिसरा मानेवर. सात वर्षांत एक शब्द बदलला नव्हता.

आठव्या वर्षी हवालदार जबाब आधीच उतरवून घेऊन आले.

"मागचाच आहे, अक्का. फक्त अंगठा द्या."

"फाडा तो. लिखा, मनी हरकत नही. येऊ द्या त्याले."

"माफ केलं त्याला?"

"केलं."

हवालदारांनी कोरा कागद काढला. जबाब दोन ओळींत संपला. तिने अंगठा दिला आणि शाई भिंतीला पुसली.

"पुढच्या वर्षीही यावं लागेल मला. अर्ज आला की विचारावंच लागतं."

"या. पण मी घर नही राहसू. तुम्ही कवय येशात, कोनत्या दिवशी येशात म्हनीसन आठ वरीस मी गाव सोडं नही. आते धुळ्याले बहीनकडे जासू."