तांबडी पोटं

प्रणिताने बरणी उचलली आणि ती जागीच थिजली. पाणी तांबडं झालं होतं.

"आई! गेरूचा ब्रश बुडवलास यात?"

रंभा गणपतीच्या डोळ्यांची आखणी करत होती. तिचा हात हलला नाही. "ओरडू नको गो. बुबुळ फाकंल."

ते पाणी उत्तर ध्रुवाकडच्या समुद्री बर्फाचं. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव. ते बर्फाच्या भेगांतलं शेवाळ चरतात, हे प्रणिताचं म्हणणं. एवढ्या थंडीत ते नुसते पडून असतात, हे पुण्यातल्या सरांचं. पुरावा आज बाराला दाखवायचा, नाहीतर प्रबंधातून तो भाग बाद. तीन वर्षांची मेहनत उडवायला बुडाखाली खुर्ची असली की पुरते.

"शेवाळच नितळ, खाल्लेलं दिसणार कसं?" काल आईपाशी रडून ती रोह्याला गेली होती, कॉलेजचा मायक्रोस्कोप मागून आणायला. जाताना शेवटच्या दोन बरण्या मासळीबाजारातल्या बर्फात, वर मिठागराचं मीठ टाकून, मूर्तींच्या मधोमध ठेवून गेली. त्यातली ही एक. दुसरी खिडकीत, उन्हात, चहासारखी तापलेली. तीही तांबडी.

"वाटोळं केलंस माझं!"

"व्हय. आधी बघ तरी."

बारा वाजले. लॅपटॉपवर सर आले. प्रणिताने थंड बरणीतला थेंब काचेवर घेऊन लॅपटॉपला जोडलेल्या मायक्रोस्कोपखाली ठेवला. जीव गरगर फिरत होते. प्रत्येकाच्या पोटात तांबडे ठिपके.

"सर, खातायत! गेरू खातायत!"

सरांनी चष्मा पुसला. "रंग चिकटला असेल. मेलेल्यालाही चिकटतो. काय सिद्ध झालं?"

प्रणिताने काच मायक्रोस्कोपखालून काढली. आता सगळं संपलं होतं.

"खिडकीतली लाव की गो," मागून रंभा म्हणाली.

प्रणिताने थेंब बदलला. जीव निपचित पडलेले. भोवती गेरूच गेरू, पोटं मात्र कोरी. सर पडद्याला नाक लावून बघत राहिले.

रंभाने ब्रश पुसला. "ती काल उन्हात ठेवून आधी मारली, गेरू मागाहून घातला. सरांना सांग, मेलेले जेवत नायत."