रूफसदादाची बंदूक

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या काळ्या वस्तीतल्या थिएटरात सिनेमाआधी खास आपल्या लोकांच्या बातम्यांचं रीळ लागायचं, आणि पडद्यावर गल्लीतलं कुणी दिसलं की लोक ओरडून ओरडून ते पुन्हा लावायला लावायचे. आज तर चक्क ओझेलाचा दादाच दिसला! रूफस! सैन्याच्या गणवेशात, खांद्यावर बंदूक, काय तो रुबाब!

"माझा लेक! टॉलिव्हर, पुन्हा लाव रे!" आई उभी राहून मागे रीळ लावणाऱ्याला ओरडली.

रजेवर आलेला रूफस मात्र शेजारीच मान खाली घालून बसला होता.

"लाजतोस काय, हिरो?" म्हणत ओझेलाने त्याचा हात वर ओढला. तळहात फोडांनी भरला होता.

रीळ दुसऱ्यांदा लागलं. एकेक जवान पुढे येत होता, आणि प्रत्येकाच्या बंदुकीच्या दस्त्यावर त्याच जागी तोच टवका उडालेला होता.

"दादा, ही एकच बंदूक आहे?"

"एकच. गोऱ्या साहेबाने फिल्मपुरती दिलेली. माझं झालं की पुढच्याच्या हातात. मग आम्ही आपले फावडी घेऊन गोऱ्यांच्या संडासाचे खड्डे खणायला. आईला सांगू नकोस."

ओझेलाची कानशिलं तापली.

"ओझे, तुझा आवाज मोठा, तू ओरड गं!" आई म्हणाली.

ओझेला खुर्चीवर चढली. "टॉलिव्हरकाका, पुन्हा लावा! आणि या वेळी कुणी चेहरे बघू नका. बंदूक बघा!"