उरलेला शब्द

नवाब कुत्रा दोरीशिवाय चालला, तर भगवानरावांचा फायदा मोठा होता. सकाळचा रस्ता परत मिळणार होता. चक्कीपाशी थांबून चार माणसांची तोंडं बघता येणार होती. आणि नवाब घरातच राहणार होता. नाही चालला, तर रविवारी ओळखीतला शेतकरी सूर्यभान टेम्पो घेऊन येणार आणि त्याला आपल्या झरीकडच्या शेतात, शेळ्यांच्या राखणीला घेऊन जाणार. अट मुलाची होती. धम्मानंद हुशार माणूस. पुरी होणार नाही अशीच अट तो घालायचा.

लकव्यानं भगवानरावांचा उजवा हात नेला होता. डाव्या हातात काठी. दोरी धरायला तिसरा हात कुठून आणायचा? एकदा कमरेला बांधून पाहिली. नवाबला मांजर दिसलं आणि भगवानराव नालीत. कपाळाला चार टाके पडले.

हातासोबत वाचाही गेली. एक शब्द तेवढा मागं राहिला. पालमच्या मोंढ्यात बत्तीस वर्षं ते मापाडी होते, शेतकऱ्यांचा माल तोलायचे. काटा थरथरायचा थांबला की म्हणायचे, "बरोबर." त्यावर ना शेतकरी बोलायचा, ना आडत्या. आता कुणी 'जय भीम, बाबा' म्हटलं तरी बरोबर, जेवलात का म्हटलं तरी बरोबर, पाय दुखायलाय का म्हटलं तरी बरोबर. घरानं हा शब्द सोयीनं वापरायला घेतला होता. बाबांनी चहाचा कप दुसऱ्यांदा पुढं केला की, "त्यांना काय कळतंय." त्यांच्या खोलीतला टीव्ही पुढच्या खोलीत न्यायचा असला की, "बाबाच म्हणले ना बरोबर."

त्याच शब्दावर त्यांनी कुत्रं शिकवलं. आधी अंगणात, मग गल्लीत, मग शाळेमागच्या रस्त्यावर. नवाब पुढं पळाला की ते जागीच उभे राहायचे. काटा हलत असताना बोलायचं नसतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. कंटाळून नवाब वळायचा, लुळ्या हाताच्या बाजूला येऊन गुडघ्याला खेटायचा. तो स्थिर झाला की मग ते म्हणायचे, बरोबर. काठी भिंतीला टेकवून खिशातला भाकरीचा तुकडा द्यायचे. महिनाभरात नवाबनं अर्थ पक्का केला. बरोबर म्हणजे माझ्याजवळ. या घरात त्या शब्दाचा काही एक ठरलेला अर्थ लावणारा तो एकटाच.

रविवारी सगळे ओट्यावर जमले. भगवानराव फाटकातून निघाले, चक्कीपर्यंत गेले आणि वळले. मधे एक कोंबडी आडवी गेली. नाक्यावरची तीन कुत्री अंगावर धावून आली. नवाबनं गुडघा सोडला नाही.

"अगं बाई, सावलीच की हो," सून बबिता बोलून गेली.

धम्मानंदनं चेहरा हसरा केला. "जिंकले बाबा. शब्द म्हंजे शब्द. सूर्यभान, कुत्रं न्हाई द्यायचं आता."

सूर्यभान टेम्पोच्या पायरीवरून उठला. "आरं, मला वाटलं आडदांड आसंल, म्हणून साखळी आणली. ह्ये तर लय गुणाचं हाय. शेळ्यांमागं असंच पायजे. बाबा, द्या की मला. लेकरावानी जपीन."

धम्मानंदनं बबिताकडं पाहिलं. बबितानं ओट्यावर पडलेल्या नवाबच्या केसांकडं पाहिलं.

"बाबांचं कुत्रं हाय," ती म्हणाली. "त्यांनाच इचारा ना."

"बाबा, द्यायचं का?" धम्मानंदनं विचारलं.

नाही. तो शब्द भगवानरावांना डोळ्यांसमोर स्वच्छ दिसत होता. ओल्या कापसाला, दगड घातलेल्या पोत्याला, तो त्यांनी हजारदा म्हटला होता. त्यांनी सगळा जीव ओठात आणला.

"बरोबर."

नवाब जवळ सरकला.

"बघा, इचारायचा अवकाश," बबिता म्हणाली.

भगवानरावांनी काठी आपटली. मान जोरानं हलवली. पण मान लकव्यापासून हलतच होती, तिच्याकडं कोण बघणार? "बरोबर! बरोबर!" गळ्याची शीर फुगली. नवाब घाबरला. इतक्यांदा त्याला कधी बोलावलं नव्हतं, आपलंच काही चुकतंय असं त्याला वाटलं. तो गुडघ्याला असा खेटला की म्हातारा पडता पडता राहिला.

सूर्यभाननं पाय धरले. "तीनदा म्हणले. माझ्या बापाच्या कापसाला बी एकदाच म्हणायचे."

"चला बाबा," धम्मानंदनं मायेनं दंड धरला. "तुमीच बसवा त्याला गाडीत. तुमच्यामागं गुपचूप येतंय."

भगवानरावांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. ते थांबले की नवाब थांबायचा. मुलगा दंडाला ओढायचा, की दोघं मिळून एक पाऊल टाकायचे. फाटकापासून टेम्पोपर्यंत वीसेक पावलं. लुळ्या हाताची बोटं नवाबच्या डोक्यावर घासत होती. दोरी नाही, साखळी नाही. इतकं चोख तो आजवर कधी चालला नव्हता.

नवाब टेम्पोत चढल्यावर साखळी अडकवली. टेम्पो सुरू झाला, तेव्हा भगवानरावांचं तोंड उघडलं.

"बरोबर!"

टेम्पोत साखळी खणखणली. परत एकदा खणखणली.

"किती समाधान झालंय बघा त्यांना," बबिता म्हणाली.

हिशोब सरळ होता. सूर्यभानला राखणदार मिळाला, बबिताला स्वच्छ ओटा, धम्मानंदला बापाची परवानगी. भरलं कुणी? ज्या दोघांना 'नाही' म्हणता येत नव्हतं, त्यांनी.