आधी आलेलं उत्तर

वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर ग्रंथपालबाई रोज सकाळी सामान्यज्ञानाचा एक प्रश्न लिहीत आणि त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी. गेला आठवडाभर मात्र त्या कुलूप उघडून आत येत, तेव्हा उत्तर फळ्यावर आधीच हजर असे. प्रश्न अजून पर्समधल्या चिठ्ठीवर, आणि उत्तर अगदी बरोबर.

शिपायाला झापून झालं. किल्ली उशाखाली ठेवून झाली. खडूसुद्धा घरी नेऊन झाले.

आज फळ्यावर एकच शब्द होता, ‘नाही’.

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. “सामान्यज्ञानाचं उत्तर कधी ‘नाही’ असतं का रे?”

“बाई, मी तर आत्ता तुमच्यासोबतच आलो,” शिपाई चाचरला.

“मग आज प्रश्नच लिहीत नाही! बसू दे त्या उत्तराला बोंबलत.” त्यांनी चिठ्ठी टराटरा फाडली आणि ओल्या फडक्यानं फळा खसाखसा पुसला.

तेवढ्यात फोन वाजला. घरून धाकटा भाऊ बोलत होता.

“ताई, आईला केव्हाचा हाका मारतोय गं, उठतच नाहीये. डॉक्टरांना बोलावलंय. उठेल ना ती?”

बाईंची नजर फळ्याकडे गेली. फळा वाळत होता, आणि पुसलेली दोन्ही अक्षरं हळूहळू पांढरी होत होती.