किल्लीचा आवाज

माकडहाडाजवळ बसवलेल्या चिपने आठवडाभर हेमाताईंची लघवीची प्रत्येक घाई टिपली होती, आणि त्या त्या क्षणाचे आवाजसुद्धा.

"एकोणीस वेळा जोराची लागली," डॉ. पेठकर पडद्याकडे पाहत म्हणाल्या, "पण मूत्राशय जवळपास रिकामंच होतं. आणि दर वेळी दारात किल्ली फिरत होती. कोण येतं?"

"हे." हेमाताई खुर्चीत चुळबुळल्या. नवरा बाहेर बाकावरच बसला होता.

"घाबरता त्यांना?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"चिपमधून ही घाई मला आत्ताच बंद करता येईल."

"नको, बाई." तीस वर्षांच्या संसारात त्यांच्यातलं तेवढं एकच अंग खरं बोललं होतं. "मागच्या दाराने जाता येईल का? बहिणीकडे जाते."

डॉक्टरांनी उठून स्वतः कडी काढली.