आठ दिवसांची अंगठी

नर्सबाईंच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं बाइंडरकाका मनाशी म्हणत. खरं तर ते राहून गेलं नव्हतं. दोन महिने त्यांनी ते नेटाने टाळलं होतं. पत्र चार ओळींचं होतं आणि तोंडपाठ झालं होतं. ‘मी माझी अंगठी निवडली. तुम्हाला शोभेल अशी तुम्ही निवडा आणि कळवा, म्हणजे तारीख ठरवू. उत्तर आलं नाही, तर मार्चअखेरीला मी कायमची भाचीकडे राहायला जाईन. पुन्हा आठवण करून देणार नाही. जन्मभर लोकांना गोळ्यांची आठवण करून दिली, आता पुरे.’

नऊ वर्षं बाई दवाखान्याची फाटकी रजिस्टरं बांधायला आणत होत्या. त्या नऊ वर्षांत काका त्यांच्याशी दोरा, पुठ्ठा आणि कागद याखेरीज कशावरही बोलले नव्हते. बाकीचं बाईंनी ओळखून घेतलं होतं.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी काका सोनाराकडे गेले. रुंद अंगठी घातली, तर नळाला पट्टी आवळल्यासारखं दिसलं. बारीक घातली, ती बोटाच्या गाठीमागे दडून बसली. खड्याची घातली, तेव्हा आरशातला माणूस ती कुठून तरी उचलून आणल्यासारखा दिसू लागला. शोभण्याबिभण्याचं आपल्याला जमायचं नाही, असं त्यांनी सोनाराला सांगून टाकलं.

सोनार चाळिशीचा, बोलका माणूस. अंगठी आरशात कळत नाही, कामात कळते, असं त्याचं म्हणणं. हाताने काम करणाऱ्या गिऱ्हाइकाला तो आधी पितळेची अंगठी देई. आठ दिवस ती घालून कामं करायची, कुठे टोचते, कुठे अडकते ते येऊन सांगायचं, मग त्या बेताने सोन्याची घडवायची. त्याने कडा गोल केलेली एक साधी अंगठी डबीत घालून काकांना दिली.

नवव्या दिवशी काकांनी डबी उघडली, तर ती रिकामी. त्यांनी पुठ्ठ्यांचे ढीग उपसले. भांड्यातली चिकटवायची खळ गाळून पाहिली. टेबलाखालची कागदाची कातरणं चाळणीने चाळली. पहिल्या दिवशी आपण ती बोटात घातली, एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. काढून कुठे ठेवली, ते काही केल्या आठवेना. मग मन आपल्या नेहमीच्या वाटेने गेलं. ज्याला आठ दिवस पितळ सांभाळता येत नाही, त्याच्या भरवशावर एका बाईने आपलं बिऱ्हाड हलवायचं?

मार्चचे आठ दिवस उरले, तेव्हा काकांनी नकाराचं पत्र लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि तिकीट लावून ते बांधणीच्या कारखान्यातून बाहेर पडले. टपालपेटीच्या अलीकडेच सोनाराचं दुकान होतं. कबुली दिल्याशिवाय तसंच पुढे जाणं त्यांना बरं वाटेना.

काउंटरवर दोन्ही हात टेकून, मान खाली घालून ते बोलत राहिले. अंगठी हरवल्याचं सांगितलं, खळ गाळल्याचं सांगितलं, आपल्यासारख्याने या फंदात पडायलाच नको होतं, हेही सांगितलं. सोनाराने मधे एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. काकांचं बोलणं संपल्यावर त्याने विचारलं, “टोचली का कुठे?”

“काय?”

“अंगठी हो. शिवताना दोरा अडकला? कागदावर ओरखडा उठला?”

“अहो, हरवली म्हणतोय ना मी.”

सोनाराने फडकं ओलं केलं आणि काकांच्या डाव्या हाताचं एक बोट खसाखसा पुसलं. दोन महिन्यांची वाळलेली खळ पापुद्र्यांनी सुटली. खालून पितळ चमकलं.

“काखेत कळसा म्हणतात, तो हाच,” सोनार म्हणाला. “दोन दिवसांत टोचते म्हणून परत आणणारे मी ढिगाने पाहिलेत. घातलीय हेच विसरलेले तुम्ही पहिले. आता याहून शोभणारी मी कुठून आणू?”

काका बोटाकडे बघत राहिले. गाठीवरून सहज निघायची नाही, म्हणून सोनार साबण आणायला उठला.

“राहू दे,” काका म्हणाले. इतकी मोठी गोष्ट त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला न विचारता ठरवली होती.

ते तसेच कारखान्यात परतले. शिलाईच्या टेबलावरच्या मावशींची नजर सरळ बोटावर गेली. अखेर अंगठी घासलीत हे बरं केलंत, असं त्या म्हणाल्या. दोन महिने सगळे बघत होते, पण विचारायचं कुणी? लग्नाला बोलावलं नाहीत त्याचा राग नाही, तुमचा स्वभाव का आम्हाला माहीत नाही? सगळ्यांनी मिळून भिंतीवरचं घड्याळ घेतलंय, ते कपाटात गुंडाळलेलं पडून आहे. मग त्यांनी सुईत दोरा ओवता ओवता मोठ्याने विचारलं, “आमच्या वहिनींना किती दिवस लपवून ठेवणार आहात?”

काकांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. खळ शिजवायच्या शेगडीवर पाणी ठेवून त्यांनी नकाराचं पाकीट वाफेवर धरलं, तिकिटाला धक्का न लावता सफाईने उघडलं आणि आतला कागद बदलला. पाच वाजता टपालपेटीत पडलेल्या त्या पत्रात एवढंच होतं: ‘अंगठी मिळाली. पितळेची आहे, चालेल ना? तारखेचं म्हणाल, तर इथल्या मंडळींच्या मते आपलं लग्न होऊन दोन महिने झाले. तेव्हा आता फार उशीर करू नये.’