सावकाश चालणारी

शेणवे गावची कमळ दूरच्या ग्रहावर भात लावायला निघाली. वाट साठ वर्षांची, पण सारा प्रवास झोपेत, वय न वाढता. छातीच्या दुखण्यामुळे तिच्या नवऱ्याला, धर्माला, यानात घेतलं नाही. "तू हो पुढं, मी येतो मागून," तो म्हणाला. ते होणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

जाग आली तेव्हा खाली हिरवी खाचरं दिसत होती. यान उतरलं, तर दाराशी पांढऱ्या केसांची एक बाई उभी होती.

"काकी, मी कुणाली. तुझ्या दिराची पोर. तू गेलीस तवा पाळण्यात होते."

"तू इथं कशी गो?"

"नंतर नवी यानं निघाली, झोपेविना महिन्यात पोचणारी. काकाच घेऊन आला मला. वाटेत तुमचं यान थांबवता येत नव्हतं. मग रोज बांधावर बसून वर बघायचा. म्हणायचा, आमची कमळ पहिल्यापासून सावकाश चालणारी."

कमळ हसली. "कुठाय तो?"

कुणालीने बांधावरचं झाड दाखवलं. फांदीला पांढऱ्या फडक्यात बांधलेलं गाडगं टांगलं होतं.

"अस्थी तूच पाण्यात सोडायच्या, सांगून गेलाय. म्हणाला, येतेय ती मागून."